बेलफास्टचा बिग फिश: लांबून फोटो काढाल तर फसाल

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे सांगते.

बेलफास्टला (उत्तर आयर्लंडची राजधानी) आलेला प्रत्येक जण नदीकाठच्या या माशाच्या शिल्पासमोर फोटो काढतो. आम्ही पण मागच्या वर्षी काढला होता, एका वॉकिंग टूरबरोबर गेलो होतो तेव्हा (टूरवाल्यांचं नाव घेत नाही), गाइडने मोजून पाच मिनिटं दिली, त्यातली चार फोटोच्या रांगेत गेली आणि मग चला चला पुढे चला. घरी येऊन फोटो बघितला तर मागे निळा-पांढरा मोठ्ठा मासा आणि पुढे आम्ही दात काढून उभे, बस. खरं सांगते, तेव्हा मला तो ओव्हररेटेडच वाटला होता, म्हणजे ठीके, मासा आहे, मोठा आहे, पुढे काय?

यावेळी आई आली होती. ती मूळची मालवणकडची, त्यामुळे मासा बघायला जायचंय म्हटल्यावर चपला घालून सगळ्यात आधी दारात. ती फोटोच्या रांगेत थांबलीच नाही, सरळ बाजूने गेली आणि माशाच्या पोटाला नाक लावून उभी राहिली, बाजारात कल्ले वर करून बघतात ना तश्शी, आणि तिथूनच हाक मारली, "गो, ह्येच्यार कायतरी लिवलेला आसा!"

आणि लिहिलेलंच आहे हो! लांबून जे खवले वाटतात त्या सगळ्या छापील सिरॅमिक टाइल्स आहेत आणि त्यांच्यावर शहराचा इतिहास आहे, ट्युडर काळापासून (म्हणजे सोळावं शतक) ते वर्तमानपत्रांच्या मथळ्यांपर्यंत, जुनी चित्रं आहेत (बरीचशी अल्स्टर म्युझियमकडून घेतलेली), मजकूर आहे. आणि तो ओळीने लावलेला नाही, गोधडीसारखा जोडलाय. मी एका ठिकाणी बारीक छपाई वाचत होते, वाक्य जरा रंगात आलं तर टाइलच संपली, शेजारी भलतंच चित्र. मग तिरकं खाली, मग परत वर, असं करत करत मी माशाला अर्धी फेरी कधी मारली कळलंच नाही. नुकता पाऊस पडून गेला होता, थेंब बसले होते ना टाइलवर, त्या थेंबाखालचं अक्षर भिंगातून बघितल्यासारखं फुगलेलं दिसत होतं, लेक बोटाने थेंब ढकलत ढकलत एकेक अक्षर मोठं करून वाचत बसली. टूरवाल्या पाच मिनिटांत हे कसं दिसणार सांगा.

मासा १० मीटर लांब आहे, १९९९ साली केलेला, शिल्पकार जॉन काइंडनेस, तो बेलफास्टचाच. जागा 'डोनेगॉल की' (Quay), म्हणजे लॅगन नदीचा धक्का. पोटात एक टाइम कॅप्सूल (पुढच्या पिढ्यांसाठी बंद करून ठेवलेली पेटी) पण आहे, शहराची माहिती, चित्रं, कविता वगैरे ठेवलेली. आईचं म्हणणं, "म्हणजे गाबोळी भरलेली आसा." यावर मी काय बोलणार.

आता मासाच का, तर कारखान्यांच्या आणि सांडपाण्याच्या घाणीने लॅगनमधून सामन मासा गेलाच होता, ओहोटी लागली की चिखल उघडा पडायचा आणि वास सुटायचा. मग १९९४ मध्ये इथे बंधारा झाला, नदीची सफाई झाली आणि सामन परत यायला लागला. त्या परत येण्याचा हा मासा आहे. सामन जन्मतो नदीत, मोठा होतो समुद्रात आणि अंडी घालायला बरोब्बर आपल्याच नदीत परत, वासावरून शोधत. आपला पाला मासा (हिलसा) नाही का समुद्रातून खाडीत आणि वर नदीत चढतो, तसंच. (आणि हो, कोणी रावसाला इंडियन सामन म्हणत असेल तर ते फक्त नाव आहे, घराणंच वेगळं. आईने इथेही हे दोनदा सांगितलं, समोर ऐकायला मीच होते.)

आणखी एक, फार्सेट नावाची नदी, जिच्यावरून बेलफास्टला नाव पडलं, ती हाय स्ट्रीटच्या खालून बोगद्यातून वाहते आणि इथेच कुठेतरी माशाजवळ लॅगनला मिळते. आख्खा रस्ता चालून आलो तरी पायाखाली नदी आहे हे कळत नाही!

लोक याला 'सामन ऑफ नॉलेज' पण म्हणतात. आयर्लंडची जुनी गोष्ट आहे, विहिरीत पडलेले नऊ हेझलनट खाऊन ज्ञानी झालेला मासा, एक कवी सात वर्षं गळ टाकून बसतो, शेवटी मासा मिळतो तर शिजवायला देतो फिन नावाच्या पोराला, एक घास खायचा नाही अशी ताकीद देऊन. पोराचा अंगठा भाजतो, तो पटकन तोंडात घालतो आणि सगळं ज्ञान त्यालाच. सात वर्षांचे कष्ट, आणि मलई मिळाली आचाऱ्याला! म्हणून इथे माशाला पापी दिली की शहाणपण येतं म्हणतात. लेकीने दिली. गृहपाठावर अजून तरी परिणाम नाही.

आता कापलेला स्टार. वरच्या टाइल्स वाचताच येत नाहीत, मान मागे टाकून टाकून दुखते, आणि पाठीवर काय आहे ते फक्त सीगलला माहीत. तोच मजकूर काचेवर नाहीतर बोर्डवर मोठा करून लावला असता तर काय बिघडलं असतं? दुसरं म्हणजे वारा. नदीवरून असा येतो की छत्री उघडायचा विचारच सोडा, टोपीवाला जाड कोट घाला.

फुकट आहे, उघड्यावर आहे, कधीही जा, पण सकाळी लवकर गेलात तर तोंडाजवळ गर्दी नसते. तिथूनच बंधाऱ्यावरचा पायी पूल लागतो, पलीकडून टायटॅनिक म्युझियमकडे चालत जाता येतं. पुलावर जरा थांबा, बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला कधीकधी सील येतात माशांच्या मागावर. आम्ही पाऊण तास थांबलो. एकही आला नाही आणि आई अजून त्याचा राग माझ्यावर काढतेय.