गेमच्या नावाखाली माझी पाच पात्रं आणि ८७,००० रुपये नेले

आधी आकडा सांगते. ८७,००० रुपये. तीन वेळा, माझ्याच हाताने, माझाच पिन टाकून. वर ४६ दिवसांचं काम आणि पाच पात्रांच्या मूळ फाइल. दोन महिने कुणाला बोलले नाही, लाज वाटत होती. पण गेल्या आठवड्यात माझ्यासारखीच थ्रीडी पात्रं बनवणाऱ्या एका मुलीला कामाची तशीच खोटी ऑफर देणारा मेसेज आल्याचं कळलं, म्हणून लिहायला बसले.

मी थ्रीडी कॅरेक्टर आर्टिस्ट आहे. झेडब्रश या सॉफ्टवेअरमध्ये स्कल्प्टिंग, म्हणजे संगणकावर मूर्ती घडवणं, आणि ब्लेंडर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बाकीचं. नऊ वर्षं हेच करतेय. मागच्या वर्षी स्टुडिओने निम्मी टीम कमी केली, त्यात मी गेले. घरभाडं आणि लॅपटॉपचा हप्ता चालूच होता. हे सांगतेय कारण "एवढी शिकलेली, कळलं कसं नाही?" हा प्रश्न मी पुरेसा ऐकलाय. सहा महिने काम नसलेल्या माणसाला विचारून बघा, कळणं म्हणजे काय असतं ते.

माझा पोर्टफोलिओ बघून एकाने संपर्क केला. परदेशी स्टुडिओ, फँटसी गेम, १२ पात्रं, प्रत्येकी २८० डॉलर. करारपत्र, गुप्ततेचा करार, लोगो, सगळं होतं. पहिलं पात्र, एक ऑर्क (राक्षसासारखा योद्धा), पाठवल्यावर ६,००० रुपये लगेच आले. आले कुठून, तर एका व्यक्तीच्या यूपीआयवरून. "आमचा भारतातला अकाउंटंट," म्हणाला. परदेशी कंपनी कुणाच्या तरी यूपीआयवरून पैसे देत नाही. तो ६,००० चा गळ होता आणि मी गिळला.

पण खरी चूक तिथे नाही झाली. दुसऱ्या पात्राच्या वेळी झाली, आणि ती पैशांची नव्हती, माझ्या कामातली होती. म्हणूनच ती जास्त सलते.

गेमसाठी पात्र ए-पोज किंवा टी-पोजमध्ये लागतं. हात बाजूला, शरीर सरळ, म्हणजे रिगिंग करता येतं, पात्र हलवण्यासाठी आत सांगाडा बसवता येतो. ट्रँगल (मॉडेल ज्यांचं बनतं ते त्रिकोण) किती, टेक्स्चर म्हणजे वरचं रंगाचं चित्र २के की ४के आकाराचं, कुठल्या गेम इंजिनमध्ये जाणार, हे प्रश्न पहिल्या दिवशी येतात. या माणसाने यातलं एकही विचारलं नाही. टोपॉलॉजीवर, म्हणजे त्या त्रिकोणांच्या मांडणीवर, शब्द नाही. त्याला हवा होता हातोडा उगारलेला बुटका लोहार, एक पाय दगडावर, कंबरेतून वळलेला. मी झेडब्रशमधल्या ट्रान्सपोज मास्टरने पोज दिली. तर म्हणाला, हात आणि हातोडा वेगळे कापून दे, जोडायला खुंट्या ठेव, आतून पोकळ कर, भिंत २ मिलिमीटर, उंची ७५ मिलिमीटर.

गेममधल्या पात्राला मिलिमीटर नसतात! हे मला माहीत आहे, नऊ वर्षांपासून माहीत आहे. ती मागणी थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये (एक प्रकारचं प्लास्टिक) प्रिंट करून विकायच्या पुतळ्याची होती. मी विचारलंही. तो म्हणाला, "गेमच्या जाहिरातीसाठी स्टॅच्यू काढतोय." मी गप्प बसले, कारण लोहाराची पोज मला स्वतःला फार आवडली होती. रात्री दोनपर्यंत त्याच्या हातमोज्यावरची शिलाई कोरत होते. तिथेच थांबायला हवं होतं.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. पाच पात्रं झाल्यावर "पेमेंट पोर्टल"वर माझ्या नावाने १,४०० डॉलर दिसायला लागले. काढायला गेले तर आधी व्हेंडर नोंदणीचं डिपॉझिट, १८,५००, परत मिळणारं. मग परदेशी रकमेवरचा टॅक्स, २७,३००. मग खातं गोठलं, ते मोकळं करायला ४१,२००. स्वतःचे पैसे मिळवायला आधी पैसे भरायला लागतात तिथे पैसे नसतातच. टॅक्स कुणाच्या यूपीआयवर भरत नाहीत. माझं घर पेणचं, वडील गणपती करतात. व्यापारी कारागिराला बयाणा देतो, कारागीर व्यापाऱ्याला नाही, हे मी लहानपणापासून कारखान्यात पाहिलंय. तरीही भरले, कारण ४५,८०० आधीच गेले होते आणि हे भरले की तेही सुटतील असं वाटत होतं.

अशी फसवणूक झाली तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लगेच करा. मी तीन दिवसांनी केला. तोवर पैसे चार खात्यांतून फिरले होते, ९,१४० रुपये तेवढे अडकवता आले. तेही माझ्या हातात नाहीत, कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. बँकेचं उत्तर एका ओळीत: व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलाय.

आणि पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी "साहेब बंदोबस्ताला गेलेत". दुसऱ्या दिवशी सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाले म्हणाले, एवढ्या रकमेसाठी स्थानिक ठाणंच. परत आले. हवालदाराने विचारलं, "ताई, नक्की काय विकलंत?" मी लॅपटॉप उघडून लोहार दाखवला. "फाइल तुमच्याकडे आहे ना अजून? मग चोरी कशी झाली?" मी सांगितलं, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिल्प ही कलाकृती आहे, कलम ६३ खाली हा गुन्हा आहे. ते म्हणाले, ते दिवाणी आहे, वकील गाठा. मग माझ्या अर्जावर त्यांनी काय लिहिलं, तर "ऑनलाइन गेम खेळताना रक्कम गेली". खेळताना! मी गेम खेळत नव्हते, गेमसाठी काम करत होते. खोडायला सांगितलं तर "अर्थ तोच होतो". माझ्या नऊ वर्षांच्या कामाची सरकारी नोंद अशी आहे. पाच फेऱ्या झाल्या, एफआयआर अजून नाही. तुमच्यावर वेळ आलीच तर अर्ज घरूनच टाइप करून न्या, यूटीआर क्रमांक (प्रत्येक बँक व्यवहाराचा ओळख क्रमांक) आणि स्क्रीनशॉट जोडा, पोचशिक्का घेतल्याशिवाय उठू नका. "आमची हद्द नाही" म्हणाले तर झिरो एफआयआर म्हणा, ती हद्द कुठलीही असली तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते.

आणि कुणालाही, कितीही गोड बोलला तरी, पैसे खात्यात पडण्याआधी झेडटीएल (झेडब्रशची मूळ फाइल) किंवा एसटीएल (थ्रीडी प्रिंटची फाइल) देऊ नका. टर्नटेबलचा, म्हणजे पात्र गोल फिरताना दिसतं तो, व्हिडिओ द्या, त्यावर नाव टाका. पोज बघायची असेल तर चित्र पुरतं.

सप्टेंबरमध्ये जुन्या सहकाऱ्याने एक लिंक पाठवली. थ्रीडी प्रिंटच्या फाइल विकणाऱ्या एका साइटवर माझा लोहार, ९ डॉलर. माझाच, कारण डाव्या हातमोज्याला चुकून सहा टाके पडलेत, उजव्याला पाच. तारखांसकट मूळ फाइल दाखवून तक्रार केली, अकरा दिवसांनी त्यांनी तो काढला. चार दिवसांत दुसऱ्या नावाने परत चढला. आज सकाळी पाहिलं तर किंमत ७ डॉलर केली होती आणि शेजारी माझी शिंगांची चेटकीणही आली होती.