पेंटॅक्स के१००० वापरून पाहिला: कॅमेरा एक नंबर, रोलचा खर्च सांभाळा

तालुक्याच्या गावी एखादा बंद पडलेला फोटो स्टुडिओ असला की त्याच्या कपाटात हमखास एखादा यशिका नाहीतर हा पेंटॅक्स के१००० पडलेला असतो. मी घेतला तो दारव्ह्याकडच्या एका स्टुडिओवाल्या काकाजींकडून, सोबत ५० एमएम एफ २ ची लेन्स. ऑनलाईन याचेच लोक दहा-बारा हजार सांगतात, काकाजींनी बऱ्याच कमीत दिला अन् वरून म्हणाले, "घेऊन जाय बाप्पा, आमचे पोट्टे तं हात बी नाई लावत त्याले."

कॅमेरा १९७६ ला आला आणि १९९७ पर्यंत बनत होता, आधी जपानमध्ये, मग हाँगकाँग, शेवटी चीन. जुन्या पीसवर समोर 'असाही' (कंपनीचं जुनं नाव) लिहिलेलं असतं, नंतरच्या पीसमध्ये बरेच भाग प्लास्टिकचे केले, त्यामुळे चॉइस असेल तर असाहीवालाच बघा. यात ऑटो म्हणून काहीच नाही. फोकस तुम्ही करायचा, अपर्चर (लेन्समधल्या छिद्राचा आकार, एफ नंबर) तुम्ही, शटर स्पीड तुम्ही (१ सेकंद ते १/१०००), रोल पण अंगठ्याने लिव्हर ओढून पुढे सरकवायचा. व्ह्यूफाइंडरमध्ये उजवीकडे उजेड मोजणाऱ्या मीटरचा एक काटा दिसतो, तो मधोमध आणला की एक्स्पोजर (फिल्मवर पडणारा उजेड) बरोबर, झालं. सेल फक्त त्या काट्यासाठी लागतो, एलआर४४, घड्याळवाल्याकडे मिळतो, आणि सेल उतरला तरी कॅमेरा बंद पडत नाही हे आमच्यासारख्या लोडशेडिंगवाल्यांना भल्लं बरं वाटतं. मीटरला ऑन-ऑफचं बटणच नाही, लेन्सवर झाकण लावलं की अंधारात तो स्वतःच करंट ओढणं थांबवतो, म्हणून ते झाकण हरवू नका राजेहो, नाहीतर सेल बदलत बसाल.

आता खरी गोष्ट, इकडच्या उन्हात अन् इकडच्या शेतात हा कसा चालतो. कडक ऊन असेल तर काट्याकडे बघायचीही गरज नाही, एफ १६ ठेवा आणि शटर रोलच्या आयएसओच्या (रोल उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) जवळचं, म्हणजे २०० चा रोल असेल तर १/२५०, आणि मारा फोटो. पण कापूस वेचणीच्या दिवसांत हा मीटर चांगलाच गंडतो. मीटरला सगळं जग मधल्या राखाडी रंगाचंच वाटतं, त्यामुळे फुटलेल्या पांढऱ्याशुभ्र कापसावर काटा मधोमध आणला की कापूस मळकट येतो, तिथे एक स्टॉप उघडायचा (म्हणजे दुप्पट उजेड आत घ्यायचा), कधी दीडही. अन् नांगरून ठेवलेल्या काळ्या मातीवर बरोबर उलटं, तिथे काटा ऐकला तर माती धुरकट भुरकी होते, एक स्टॉप बंद करा तेव्हा ती काळी दिसते. मग काळ्या मातीत बसून पांढरा कापूस वेचणारी बाई असा फोटो काढायचा तर? मी आपला स्वतःच्या तळहातावर मीटर घेतो, त्यावर एक स्टॉप उघडतो आणि तेच सेटिंग कायम ठेवतो. तळहात सगळ्यांकडे असतो, ग्रे कार्ड (मीटर घ्यायचं राखाडी कार्ड) विकत घ्यायचं काही काम नाही.

पोळ्याला बैलांच्या रांगेत पण नेला होता. शटर खाड्कन वाजतं, बैल कान टवकारतात पण बुजत नाहीत. माणसं मात्र फोटो झाला की लगेच "दाखव नं" म्हणत मागे येतात अन् मागे स्क्रीनच नाही बघून हिरमुसतात, त्यांना समजावता समजावता अर्धा वेळ जातो. सेल्फ टायमर नाही, त्यामुळे घरच्या ग्रुप फोटोत फोटो काढणारा कधीच नसणार.

खर्च, हा मोठा विषय. कलरचा ३६ चा रोल आता हजाराच्या वर जातो, त्यात धुणं आणि स्कॅन वेगळं, म्हणजे एका क्लिकला चहा-समोसा जातो धरून चाला. इकडे तालुक्यात कोणी रोल धूत नाही, कुरिअरने मोठ्या शहरात पाठवावा लागतो. मी एका लॅबला भर मे महिन्यात पाठवला तर तो कुठल्या गोडाऊनमध्ये तापत पडला कोण जाणे, रंगांची पार वाट लागून आला. तेव्हापासून कलर फक्त दिवाळीपासून ते पळस फुलेपर्यंत, बाकी वर्षभर ब्लॅक अँड व्हाइट, आणि न वापरलेले रोल फ्रिजमध्ये. वापरायच्या आधी दोन-तीन तास बाहेर काढून ठेवायचे, नाहीतर आत दव धरतं. काकाजी सांगत होते की त्यांच्या काळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' माल मिळायचा, आपल्या देशात बनलेला, आता ती कंपनीच राहिली नाही.

ब्लॅक अँड व्हाइट मी घरीच धुतो, एचपी५ रोल आणि डी-७६ पावडर (फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल). पुस्तकी टाइम साडेसात मिनिटं, पण तो २० डिग्रीला. आमच्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात हाताला चटका देतं, त्यात टाइम इतका कमी करावा लागतो की पाच मिनिटांच्या खाली जातो आणि मग फिल्मवर पट्टे येतात. उपाय माठ. केमिकलच्या बाटल्या रात्रभर माठाशेजारच्या ओल्या पोत्यात गुंडाळून कूलरपुढे ठेवायच्या, पहाटे २४-२५ पर्यंत उतरतं, मग साडेपाचच्या आसपास मिनिटांत काम होतं. फिक्सर (चित्र पक्कं करणारं केमिकल) आणि धुवायचं पाणी पण त्याच तापमानाचं घ्या, एकदम गरम-गार झालं तर फिल्मवर सुरकुत्या पडतात. पावसाळ्यात ही कटकट नाही पण बुरशीची आहे, कॅमेरा लेदरच्या कव्हरमध्ये अजिबात ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.

घेताना काय बघायचं ते सांगतो. मागचं झाकण उघडून १/१००० वर ट्यूबलाइटकडे नाही तर उघड्या खिडकीकडे धरून शटर मारा, पूर्ण चौकट उजळली पाहिजे, अर्धी काळी दिसली तर शटरचा पडदा अडकतोय. १ सेकंदावर आवाज सलग यायला हवा. लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून बुरशीचं जाळं दिसतं का बघा. झाकणाच्या कडेचा काळा स्पंज या वयाच्या कॅमेऱ्यात डांबरासारखा चिकट झालेला असतोच, त्याचं टेन्शन घेऊ नका, लोकर नाहीतर नवीन फोम लावून घरीच होतं. रोल भरल्यावर लिव्हर ओढताना डावीकडची गुंडाळायची कडी फिरते का ते दरवेळी बघायचं, फिरत नसेल तर रोल अडकलाच नाही आणि तुम्ही हवेत फोटो काढताय.

माझ्याकडून ५ पैकी ४, एक मार्क रोलच्या भावाचा कापला, त्यात बिचाऱ्या कॅमेऱ्याचा दोष नाही. ज्यांना लगेच स्टेटसला फोटो टाकायचा त्यांनी यात पडूच नका. आणि स्टुडिओवाल्याने सोबत जुना फ्लॅश फुकट दिला तर घ्या, १/६० वर मस्त चालतो, फक्त तो तुमच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका, त्या काळच्या काही फ्लॅशचं ट्रिगर व्होल्टेज इतकं असतं की डिजिटलचं सर्किट उडतं.