पैशाची लढत की पट्ट्याची? प्रतिस्पर्धी निवडण्याआधी

व्यावसायिक बॉक्सरच्या टेबलावर दोन प्रस्ताव आहेत. एकात नावाजलेला प्रतिस्पर्धी आणि भरघोस पर्स, म्हणजे लढतीचं मानधन, पण पट्टा, म्हणजे विजेतेपद, नाही. दुसऱ्यात जागतिक पट्टा पणाला, पैसे मात्र निम्मे, आणि प्रतिस्पर्धी इतका अवघड की त्याच्याशी लढायला कुणी उत्सुक नाही. जिंकल्यावर काय मिळेल याचा हिशेब दोन्हीकडे सगळेच करतात. आमच्या मते निर्णय दुसऱ्याच हिशेबावर व्हायला हवा: हरलात तर पुढची लढत कोणती आणि कुठल्या वजनात मिळेल?

आकडा आणि हाती येणारी रक्कम

पर्स 100 धरा. मॅनेजरचे 20 ते 33, प्रशिक्षकाचे साधारण 10, जखमा सांभाळणाऱ्या कटमनचे एक-दोन. आठ-दहा आठवड्यांच्या तयारीच्या कॅम्पचा खर्च वेगळा, त्यात स्पारिंगच्या (सरावाच्या लढतींच्या) जोडीदारांची राहण्या-जेवणाची सोयही आली. कर भरण्याआधीच पन्नास-साठ उरतात. परदेशात लढलात तर तिथला कर बहुधा आधीच कापून घेतात. पट्ट्याच्या लढतीत यावर पट्टा देणाऱ्या संघटनेची फी चढते, साधारण 3 टक्के, आणि तीही प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळी.

तरीही पट्ट्याची लढत नेहमी स्वस्तातच जाते असं नाही. मँडेटरी आव्हानवीराशी, म्हणजे ज्याच्याशी विजेत्याला लढावंच लागतं त्याच्याशी, बोलणी फिसकटली की लढत कोण भरवणार यासाठी संघटना प्रमोटरना बोली लावायला सांगते. 2021 मध्ये टिओफिमो लोपेझ आणि जॉर्ज कंबोसोस यांच्या लढतीसाठी ट्रिलर कंपनीने 60 लाख डॉलरहून जास्त बोली लावली. लोपेझच्या स्वतःच्या प्रमोटरची बोली 23 लाखांच्या आसपास होती. पुढे ट्रिलरला ती लढत भरवता आली नाही आणि ती 35 लाखांची बोली लावणाऱ्या मॅचरूम या प्रमोटर कंपनीकडे गेली. बोलीचा आकडा ऐकून खर्चाचे बेत आखू नयेत, ते यासाठी.

पट्टा किती दिवस टिकतो

डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चारही संघटनांचे मँडेटरी आव्हानवीर वेगवेगळे असतात. चारही पट्टे जिंकले की चार रांगा दाराशी उभ्या राहतात. हेवीवेट टायसन फ्युरीने नोव्हेंबर 2015 मध्ये विजेत्या क्लिच्कोला हरवलं, आणि दोन आठवड्यांच्या आत आयबीएफने त्याचा पट्टा काढून घेतला, कारण परतीच्या लढतीचं (हरलेल्याशी पुन्हा लढण्याचं) कलम पाळायचं तर आयबीएफच्या आव्हानवीराशी लढता येत नव्हतं. मे 2024 मध्ये फ्युरीला हरवून हेवीवेटचे चारही पट्टे मिळवलेल्या युक्रेनच्या उसिकनेही पुढच्याच महिन्यात आयबीएफचा पट्टा सोडला. फ्युरीशी परतीची लढत ठरलेली होती.

म्हणून पट्टा जपत बसण्याच्या आशेवर कमी पैसे घेऊ नका. निर्विवाद विजेतेपद (चारही पट्टे एकाच वेळी) मिळवल्याची नोंद मात्र कुणी पुसू शकत नाही, आणि तिच्यासाठी कमी पर्स घेणं योग्य आहे.

वजन आणि अटी: खरं नुकसान इथे होतं

पैशाची लढत बहुतेक वेळा वरच्या वजनगटात असते, कारण मोठी नावं तिथे असतात. केल ब्रूक 66.7 किलोच्या गटाचा आयबीएफ विजेता होता. सप्टेंबर 2016 मध्ये तो दोन गट ओलांडून 72.6 किलोच्या गोलोव्हकिनसमोर उभा राहिला. पाचव्या फेरीत त्याच्या कोपऱ्यातून लढत थांबवायला टॉवेल आला. डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं. आठ महिन्यांनी पुन्हा आपल्या वजनात उतरून त्याने एरॉल स्पेन्सशी पट्टा पणाला लावला, तेव्हा दुसऱ्या डोळ्याची खोबण मोडली आणि पट्टाही गेला. दोन गट वर जाण्यात नुसता जोरदार ठोसा खाण्याचा धोका नसतो. वजन चढवून परत उतरवताना शरीर झिजतं आणि पुढची लढतही त्यातच बिघडू शकते. एक गट वर जायला हरकत नाही. दोन गटांची उडी केवळ पैशासाठी मारू नये, असं आम्ही ठामपणे सांगू.

आता 6 एप्रिल 1987 ची हॅगलर-लेनर्ड लढत पाहा. हॅगलरने जास्त पैसे घेतले आणि लेनर्डने अटी घेतल्या: 15 ऐवजी 12 फेऱ्या, 20 फुटांची प्रशस्त रिंग, 10 औंसाचे ग्लोव्हज. तीनही अटी पायांवर खेळणाऱ्या आणि तीन वर्षं लांब राहिलेल्या बॉक्सरच्या सोयीच्या. लेनर्ड पंचांच्या विभागलेल्या निकालावर जिंकला. शेवटच्या फेऱ्यांत तो थकलेला होता, पण तेरावी फेरी करारातच नव्हती. हॅगलर पुन्हा कधीच लढला नाही.

त्यामुळे पर्सचा आकडा ठरण्याआधी रिंगचा आकार, ग्लोव्हज, वजनाची मर्यादा आणि लढतीच्या सकाळचं वजन लिहून घ्या. वजन मोजल्यानंतर जास्तीत जास्त किती वजन परत चढवता येईल याचं कलम मोठ्या अंगाच्या बॉक्सरला लढतीआधीच अर्धं हरवू शकतं.

थांबणं

लढत पिकू द्यावी, किंमत वाढेल, असं प्रमोटर सांगतात. मेवेदर आणि पॅकियाओ यांची बोलणी 2010 च्या सुमारास उत्तेजक चाचण्यांवरून फिसकटली, लढत 2015 मध्ये झाली आणि पे-पर-व्ह्यूची (एकाच लढतीसाठी वेगळे पैसे भरून टीव्हीवर पाहण्याची) सुमारे 46 लाख खरेदी झाली. पण अशी उदाहरणं विरळच. जोशुआ आणि वाइल्डर यांच्याकडे मिळून हेवीवेटचे चारही पट्टे होते. ती लढत लांबत गेली आणि 1 जून 2019 ला, मूळ प्रतिस्पर्धी उत्तेजक चाचणीत अडकल्यामुळे ऐनवेळी आलेल्या अँडी रुइझने जोशुआला सातव्या फेरीत संपवलं. मधल्या 'सोप्या' लढतीची जोखीम हिशेबात धरली, तर थांबणं बहुतेकांना महागच पडतं.

कुणी काय निवडावं

घरचं मैदान भरवणारा प्रेक्षक नसेल तर आधी पट्टे. उसिकने क्रूझरवेटचे (हेवीवेटच्या खालच्या गटाचे) पट्टे रिगा आणि मॉस्कोत, प्रतिस्पर्ध्यांच्या देशांत जाऊन जिंकले. त्या जोरावर तो जोशुआचा मँडेटरी आव्हानवीर झाला आणि 2021 मध्ये लंडनमध्ये त्याला हरवून मोठ्या पैशांपर्यंत पोचला. त्याला टाळायला कुणाकडे सबबच उरली नव्हती.

प्रेक्षक तुमचा असेल, वय पस्तिशीकडे झुकलं असेल आणि पाय मंदावले असतील, तर पैसा घ्या, आपल्या वजनात घ्या आणि परतीच्या लढतीचं कलम मागा. हातात पट्टा असेल तर त्या कलमावर सही करण्याआधी मँडेटरीची तारीख संघटनेकडून लेखी मागवा. सवलत हवी असेल तर तीही लेखीच घ्या. प्रमोटर अनोळखी असेल तर कॅम्प सुरू होण्याआधी पर्सची रक्कम तिऱ्हाइताच्या खात्यात जमा करायला लावा. अमेरिकेत लढत असाल तर 2000 च्या मुहम्मद अली कायद्यानुसार या लढतीतून किती पैसे येणार आहेत हे प्रमोटरने तुम्हाला सांगायला हवं. बरेच बॉक्सर ते विचारतच नाहीत. विचारा.