१० खंड वाचायचे की ११० भाग बघायचे? ‘लीजेंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज’बद्दल एकदाच सगळं

‘लीजेंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज’ सुरू करायचंय, पण पुस्तकं घेऊ की अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) बघू, हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी कोणीतरी विचारतंच, आणि दरवेळी मी "दोन्ही कर रे" म्हणून मोकळा होतो, जे काही उत्तर नाहीये. दोन्ही करायला वेळ कोणाकडे आहे? १० खंड एकीकडे, ११० एपिसोड दुसरीकडे, एपिसोड २५ मिनिटांचा धरला तर ४५ तास झाले. मी आधी मालिका बघितली, मग पुस्तकं वाचली, मग परत मालिका बघितली, त्यामुळे माझा तराजू अगदी सरळ असेल असं समजू नका.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. योशिकी तानाका या जपानी लेखकाने १९८२ ते १९८७ या काळात ही १० खंडांची कादंबरी लिहिली, १९८८ मध्ये तिला जपानचा सेइउन पुरस्कार मिळाला. दूरच्या भविष्यात आकाशगंगेत दोन सत्ता भांडतायत, एकीकडे जर्मन थाटाचं सरंजामी साम्राज्य, दुसरीकडे किडलेली लोकशाही. साम्राज्याकडून राइनहार्ड नावाचा तरुण, देखणा, महत्त्वाकांक्षी सेनापती, आणि लोकशाहीकडून यांग वेन-ली, ज्याला खरं तर इतिहासकार व्हायचं होतं, पण वडील गेल्यावर खिशात पैसे नव्हते आणि सैनिकी अकादमीत इतिहास फुकट शिकायला मिळत होता म्हणून हा गेला आणि अडकला. चहात ब्रँडी ओतणारा, कॉफीचं नाव काढलं की तोंड वाकडं करणारा, पेन्शनची स्वप्नं बघणारा सेनापती. (चाहत्यांच्या लिखाणात लोकशाहीवाल्यांच्या राजधानीची ग्रहमाला ‘भारत’ आणि एका मोठ्या लढाईची जागा ‘अमृतसर’ म्हणून येते, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दचकलोच. आपल्याशी तसा काही संबंध नाही, उगाच अभिमान बाळगू नका.)

आता पुस्तक. पुस्तकाची सगळी ताकद आणि सगळी कटकट एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे निवेदक. हा निवेदक लढाईच्या मैदानावर नाहीये, तो बऱ्याच काळानंतर बसून हे सगळं लिहिणारा इतिहासकार आहे, त्यामुळे मध्येच "या निर्णयाबद्दल पुढच्या अभ्यासकांमध्ये एकमत नाही" छापाची वाक्यं येतात, एखाद्याच्या आठवणीतलं काही देतो, लगेच त्यावर शंकाही घेतो. पानिपतावर भाऊसाहेबांनी काय करायला हवं होतं यावर जेवणाच्या ताटावर हात वाळेपर्यंत वाद घालणारी जी माणसं आपल्या घराघरात असतात ना, त्यांनी डोळे झाकून पुस्तक घ्यावं. त्यांना अंतराळयानं आवडत नसली तरी चालेल, कारण अंतराळ इथे नावालाच आहे.

पण हाच निवेदक कोण मरणार हे खुशाल आधी सांगून टाकतो. दोघं मित्र निरोप घेतात आणि हा बाबा सांगतो की यानंतर त्यांची भेट झाली नाही. ज्यांना स्पॉइलरचा राग येतो त्यांनी पुस्तक भिंतीवर फेकलं तर मी दोष देणार नाही. मला स्वतःला उलट त्यामुळे जास्त लागलं, कारण मग त्या निरोपातलं फालतू बोलणंसुद्धा तुम्ही जपून वाचता.

पहिल्या खंडाची सुरुवात हा सगळ्यात मोठा अडथळा. तानाका कथा सुरू करण्याआधी शेकडो वर्षांचा इतिहास घेऊन बसतो, इसवी सन २८०१ ला अंतराळ शक १ धरायचा, मग संघराज्य, मग रुडॉल्फ नावाचा लोकांनीच निवडून दिलेला हुकूमशहा जो नंतर स्वतःला सम्राट करून घेतो, मग गुलाम बनवलेले लोक गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या, म्हणजे ड्राय आइसच्या, प्रचंड तुकड्याचं जहाज करून पळतात आणि ५० वर्षं प्रवास करत नवीन देश उभा करतात. हे सगळं शाळेच्या पुस्तकासारखं. माझ्या दोन मित्रांनी इथेच पुस्तक ठेवून दिलं. एकाला मी म्हटलं, ती पानं सोड, थेट अस्तार्तेच्या लढाईवर, म्हणजे गोष्ट खरी सुरू होते तिथे, जा, तर तो तिसऱ्या खंडापर्यंत पोचला आणि मग मागे जाऊन ती पानं वाचून आला. मालिकेत हा इतिहास तुकड्या-तुकड्याने येतो, ज्युलियन नावाचा यांगचा पोसलेला मुलगा जुन्या व्हिडिओ बघत असतो तेव्हा वगैरे, ते पचायला सोपं.

मालिका म्हणजे १९८८ ते १९९७ मधली जुनी, नोबोरू इशिगुरोने दिग्दर्शित केलेली. टीव्हीसाठी बनलेली नव्हतीच, व्हिडिओ कॅसेट थेट वर्गणीदारांना विकायच्या म्हणून बनवली, त्यामुळे जाहिरातदाराचं किंवा पोरांच्या खेळण्यांचं दडपण नाही, माणसं खोलीत बसून वीस मिनिटं राजकारणावर बोलतात आणि कोणी थांबवत नाही. तिचं सगळ्यात मोठं काम म्हणजे चेहरे. पुस्तकात मित्तरमायर, रॉयएनथाल, बिटनफेल्ड, म्युलर, लुट्झ, वाहलेन, केम्फ अशी जर्मन आडनावांची रांग लागते आणि दुसऱ्या खंडात मला प्रामाणिकपणे कोण कोण आहे ते कळत नव्हतं, मागच्या पानावर पेन्सिलने यादी केली होती. पडद्यावर प्रत्येकाला वेगळा चेहरा, वेगळा आवाज, जपानमधले इतके आवाजी कलाकार यात वापरलेत की त्यावरून ‘गॅलॅक्टिक व्हॉइस अ‍ॅक्टर्स’ असा विनोदच पडला. आणि संगीत! माहलर, ब्रुकनर, शोस्ताकोविच, ड्वोर्झाक. लढाईत हजारो जहाजं जळतायत आणि मागे सिम्फनी शांतपणे चाललीय. पुस्तक इथे काहीच करू शकत नाही.

अ‍ॅनिमेशन मात्र जुनं आहे, आणि स्वस्तही. तेच स्फोट, त्याच किरणांच्या रेघा पुन्हा पुन्हा येतात, पहिल्या काही भागांत माणसं लाकडी वाटतात. चाळीसेक भागांनंतर चित्र सुधारतं की आपली नजर सरावते, कोण जाणे.

आता दोन प्रसंग समोरासमोर ठेवतो, त्यातून बरंच कळेल.

पहिला, अस्तार्तेनंतरची शोकसभा. राइनहार्डने २०,००० जहाजं घेऊन ४०,००० जहाजांच्या तीन ताफ्यांना एकेक करून झोडपलंय, यांगने शेवटचा ताफा कसाबसा वाचवलाय, लाखो माणसं मेलीयत आणि घरी परत आल्यावर संरक्षणमंत्री ट्रुनिख्त स्टेजवर देशभक्तीचं भाषण ठोकतोय. सगळे उठून घोषणा देतात, यांग बसून राहतो. मग जेसिका नावाची मुलगी पुढे येते, तिचा होणारा नवरा त्या लढाईत मेलाय, आणि ती विचारते की तुम्ही सगळ्यांना मरायला सांगताय, तुम्ही स्वतः कुठे आहात, तुमच्या घरचे कुठे आहेत. पुस्तकात हा प्रसंग चांगला आहे, पण निवेदक यांगच्या डोक्यातलं सगळं उलगडून सांगतो. मालिकेत ती गर्दी उभी, एक माणूस खाली बसलेला, बास. मी हा भाग मध्यरात्री बघितला आणि पुढचा न लावता झोपलो. इथे पडदा जिंकतो.

दुसरा, वेस्टरलँड (दुसरा खंड, स्पॉइलर नको असेल तर हा परिच्छेद सोडा). साम्राज्यातच यादवी पेटलीय, राइनहार्डच्या विरोधातला एक सरदार स्वतःच्याच एका ग्रहावर अणुबॉम्ब टाकणार आहे, २० लाख लोक मरणार आहेत, राइनहार्डला आधी कळलंय. त्याचा सल्लागार ओबरस्टाइन म्हणतो, होऊ द्या, त्याचं चित्रण दाखवलं की शत्रूचे लोक उलटतील, युद्ध लवकर संपेल, एकूण मेलेले कमी. हिशोब बरोबर आहे हेच भयानक. पुस्तकात राइनहार्ड त्याला मान डोलावतो. डाग त्याच्यावर आहे, आणि पुढचे आठ खंड तो धुतला जात नाही. मालिकेत मात्र दिग्दर्शकाने त्याला थोडी पळवाट दिलीय, त्याचा निर्णय पक्का होण्याआधीच ओबरस्टाइनच्या हातचलाखीमुळे वेळ निघून जाते. दृश्य अंगावर येतं हे खरं, पण नायकाला वाचवायचा मोह झालाय हे दिसतं. मला पुस्तकातला राइनहार्ड जास्त खरा वाटतो. चांगला हुकूमशहा विरुद्ध नालायक लोकशाही हा जो वाद या गोष्टीचा कणा आहे तो पुस्तकात जास्त टोचतो तो अशा जागांमुळे.

इंग्रजी अनुवादाबद्दल बोलायलाच हवं, कारण आपल्याला हे इंग्रजीतूनच वाचायचंय. हाइकासोरू या प्रकाशनाने २०१६ ते २०१९ मध्ये मुख्य १० खंड काढले, सुरुवातीला तीनच खंडांचं ठरलं होतं आणि पुढचं खपावर अवलंबून होतं, त्यामुळे तेव्हा वाचणाऱ्यांचा जीव टांगणीला होता. अनुवादक तीन, डॅनियल हडलस्टन, टायरन ग्रिलो आणि मॅट ट्रेव्हॉड. सुरुवातीचे खंड हडलस्टनचे, त्याला तानाकाचा तो कोरडा, तिरकस सूर चांगला सापडलाय. मधल्या खंडांत भाषा जड होते, वाक्यं फुगतात, काही ठिकाणी मला परिच्छेद दोनदा वाचावा लागला, आणि यांगचे विनोद तर सरकारी परिपत्रकासारखे वाटतात. शेवटचे खंड पुन्हा सुरळीत. जर चौथ्या-पाचव्या खंडात कंटाळा आला तर तो तुमचा दोष नाही, थोडं रेटा. कागदी प्रती जमवणं हा वेगळाच छळ, मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून चौथा मागवला आणि आला पाचवा, परत करायच्या भानगडीत न पडता तो ठेवून घेतला आणि चौथा ई-बुकवर वाचला. ई-बुक किंवा ऑडिओबुकच घ्या. ऑडिओबुक टिम जेरार्ड रेनॉल्ड्सने वाचलंय आणि लोकलमध्ये ऐकायला झकास आहे, त्याच्या आवाजात तो इतिहासकार निवेदक एकदम शोभतो, फक्त नावं ऐकून लक्षात ठेवायची तयारी हवी.

आणि हो, "मला वाचायचा कंटाळा म्हणून मालिका बघतो" असं म्हणणाऱ्यांना एक सांगतो, जुनी मालिका म्हणजे जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल, आणि यात लोक सतत बोलतात, म्हणजे ४५ तास तुम्ही वाचतच असणार आहात, फक्त वेग तुमच्या हातात नसेल. जेवता जेवता बघायची गोष्ट नाही ही.

दोन्हीकडे सारखेच असलेले दोष पण आहेत. विज्ञान म्हणाल तर बोंब आहे, जहाजांचे ताफे अंतराळात असे रांगा लावून लढतात जसं काही नेपोलियनच्या काळातलं मैदान आहे, वर-खाली नावाची दिशा कोणाला आठवतच नाही. हातघाईच्या लढाईत तर हवेत असे कण सोडतात की बंदूक झाडली तर सगळेच उडतील, म्हणून मग चिलखत घातलेले सैनिक कुऱ्हाडी घेऊन एकमेकांवर धावतात! तर्काला बसवलंय खरं, पण लेखकाला कुऱ्हाडीच हव्या होत्या हे दिसतंच. बायका कमी. राइनहार्डकडची हिल्डा आणि यांगकडची फ्रेडरिका हुशार आहेत, हिल्डा तर दरबारातल्या अर्ध्या सेनापतींपेक्षा शहाणी, पण दोघींची गोष्ट शेवटी कोणातरी पुरुषाभोवतीच फिरते. आणि पृथ्वीची पूजा करणारा तो कारस्थानी पंथ मला कधीच पटला नाही, इतक्या शहाण्या राजकारणात मध्येच हे गूढ झगेवाले कशाला आणले देव जाणे.

नवीन मालिकेबद्दल विचारतात म्हणून, २०१८ मध्ये प्रॉडक्शन आय.जी. या स्टुडिओने नव्याने सुरू केली, ४८ भाग झालेत. चित्र सुंदर, लढाया समजतात, इंग्रजी डबिंग पण आहे, पण गोष्ट अजून निम्म्यावरही आलेली नाही, आणि सगळे सेनापती इतके देखणे आहेत की परत चेहऱ्यांचा घोळ होतो. चव बघायला ठीक.

तर माझा सल्ला. तुम्ही इतिहास, राजकारण आवडीने वाचणारे असाल, तर पहिले दोन खंड घ्या, एकदम दहा नको. दुसऱ्या खंडाच्या शेवटी काय होतं ते वाचल्यावर पुढचं घ्यायचं की नाही हे मला विचारावं लागणार नाही. पण तुम्हाला माणसांसाठी गोष्ट हवी असेल, त्यांचे आवाज, रुसवे-फुगवे, एकमेकांवरची माया, तर सरळ जुन्या मालिकेकडे जा, आणि त्याआधी १९८८ चा तासाभराचा सिनेमा बघा, त्यात एका लढाईवर रावेलचा बोलेरो लावलाय, तो बघून अंगावर काटा आला नाही तर पुढचे ११० भाग तुमच्यासाठी नाहीत. ज्यांना मध्येच अडकायचं नाही त्यांनी माझ्या एका मैत्रिणीसारखं करावं, तिने चौथ्यापासून सहाव्यापर्यंतचे खंड वाचलेच नाहीत, तेवढा भाग मालिकेत बघितला आणि सातव्यापासून परत पुस्तकावर आली. तेव्हा मी नाक मुरडलं होतं, आता वाटतं तीच शहाणी.

पुस्तकवाल्यांना शेवटी मालिकेच्या दारात यावंच लागतं ते वेगळंच. मुख्य गोष्टीच्या आधीच्या ज्या उपकथा तानाकाने लिहिल्या त्या हाइकासोरूच्या संचात नाहीत, त्या ५२ भागांच्या पुरवणी मालिकेत बघाव्या लागतात. त्यात यांग अजून विशीतला पोरगा आहे, एल फसील या ग्रहावरून ३० लाख लोकांना सुखरूप बाहेर काढून नुकताच हीरो झालाय, आणि वरचे अधिकारी त्याला काय काम देतात, तर कधीच्या काळी युद्धात मेलेल्या एका नावाजलेल्या सेनापतीचा खून झाला होता का ते शोधायचं. जुनी कागदपत्रं, म्हातारे साक्षीदार, पत्रं. म्हणजे ज्याला इतिहासकार व्हायचं होतं त्याला एकदाचं इतिहासाचं काम मिळतं.