एआय असिस्टंटला झोएक्ट हे कोड शोधायचं टूल जोडलं, मोठ्या कोडला एकदम भारी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी आम्ही बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवतो, जुना कोड म्हणजे फाईलींचा नुसता डोंगर. एआय असिस्टंटला काही विचारलं की तो ग्रेप मारत बसायचा, म्हणजे दरवेळी सगळ्या फाईली पहिल्यापासून वाचायच्या. रिपग्रेप हे ग्रेपसारखंच टूल फास्टच आहे, छोट्या प्रोजेक्टला तेच ठेवा, उगाच खटाटोप नको. पण कोड मोठा असेल तर झोएक्ट एमसीपीतून (असिस्टंटला बाहेरची टूल्स जोडायची पद्धत) जोडाच, ओपन सोर्स आहे, फुकट आहे. ते आधीच तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांचा इंडेक्स, म्हणजे कुठला तुकडा कुठल्या फाईलीत आहे याची यादी, करून ठेवतं, मग इंग्रजी ‘लूम’ शोधलं की ‘एलओओ’ आणि ‘ओओएम’ हे दोन्ही तुकडे ज्या फाईलीत आहेत तेवढ्याच तपासतं, बाकीच्यांना हातच लावत नाही.

परवा विचारलं डाईंगमधली घट कुठे कुठे वजा होते, तर चलान, स्टॉक आणि जॉबवर्क बिल, तिन्ही जागा फाईल अन् ओळ नंबरसकट लगेच समोर! जॉबवर्कचं तर टीममध्ये कुणाच्या लक्षातही नव्हतं.

एक सांभाळा, फाईल बदलली की परत इंडेक्स होईपर्यंत जुनंच दिसतं आणि असिस्टंट तेच ठामपणे सांगतो, त्यामुळे प्रत्येक कमिटनंतर (कोडमधला बदल नोंदवल्यावर) इंडेक्स आपोआप अपडेट होईल असं लावून ठेवा. डिस्कवर जागाही बरीच खातं. आणि असिस्टंटच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहा की आधी इंडेक्स वापर, नाहीतर तो सवयीने ग्रेपकडेच पळतो.