अपाची सीएक्सएफचा कोड जनरेटर: वेगळ्या स्कीमा फायलींच्या कसोटीवर

सगळा स्कीमा, म्हणजे डेटाच्या रचनेची व्याख्या, डब्ल्यूएसडीएलच्या (वेब सेवेचं वर्णन करणाऱ्या एक्सएमएल फाइलच्या) ‘टाइप्स’ भागात कोंबलेला असला, तर कुठलंही साधन तो निमूट वाचतं. कस लागतो तो स्कीमा वेगळ्या एक्सएसडी (नुसत्या स्कीमाच्या) फायलींत काढल्यावर. ऑर्डरची एक फाइल, ग्राहकाची एक, पत्ता, रक्कम, चलन अशा सामायिक टाइपची तिसरी, आणि तिन्ही ‘इम्पोर्ट’ नि ‘इन्क्लूड’ने एकमेकींत अडकलेल्या. अपाची सीएक्सएफ या जावा वेब सेवांच्या चौकटीचा कोड जनरेटर ‘डब्ल्यूएसडीएल-टू-जावा’ आणि मेव्हन या बिल्ड साधनासाठीचा त्याचा प्लगइन इथे एवढ्याच निकषावर पाहिला आहे.

मत आधीच सांगून टाकू. फाइल शोधून काढण्यात हे साधन चोख आहे, फाइल बदलली हे ओळखण्यात कच्चं आहे, आणि तयार झालेला कोड दुसऱ्या मशीनवर नेला की हातानं एक सेटिंग दिल्याशिवाय तो नीट चालत नाही.

जनरेटर शिस्तीच्या बाबतीत कडक आहे, आणि ते चांगलंच. डब्ल्यूएसआय या मानकसंस्थेच्या बेसिक प्रोफाइलचा नियम असा: डब्ल्यूएसडीएलचा स्वतःचा ‘इम्पोर्ट’ फक्त दुसऱ्या डब्ल्यूएसडीएलसाठी वापरायचा; एक्सएसडी आणायची तर ‘टाइप्स’मध्ये एक ‘स्कीमा’ घटक ठेवून त्याच्या पोटात स्कीमाचा ‘इम्पोर्ट’ लिहायचा. त्या बाहेरच्या घटकात ‘इम्पोर्ट’शिवाय काही नसेल, तर त्याला टार्गेट नेमस्पेसही (आतल्या नावांचं जणू कुळनाव) लागत नाही. म्हणजे ‘टाइप्स’ भाग तीन-चार ओळींत आटोपतो आणि ‘स्कीमालोकेशन’मध्ये ‘स्कीमा/ऑर्डर.एक्सएसडी’ एवढंच राहतं.

पहिली ठेच बहुतेकांना इथेच लागते. ‘स्कीमालोकेशन’मधला सापेक्ष पत्ता ज्या फाइलमध्ये लिहिलाय तिथून मोजला जातो, मूळ डब्ल्यूएसडीएलपासून नाही. ‘ऑर्डर.एक्सएसडी’ आणि ‘कॉमन.एक्सएसडी’ दोन्ही ‘स्कीमा’ फोल्डरमध्ये शेजारी असतील, तर ‘ऑर्डर’च्या आत नुसतं ‘कॉमन.एक्सएसडी’ लिहायचं. सवयीनं ‘स्कीमा/कॉमन.एक्सएसडी’ लिहिलं, तर साधन ‘स्कीमा/स्कीमा/कॉमन.एक्सएसडी’ शोधत बसतं.

दुसरी ठेच जरा खोल आहे. ‘इम्पोर्ट’ वारशानं मिळत नाही. डब्ल्यूएसडीएलनं ‘कॉमन’ची नेमस्पेस आणली म्हणून ‘ऑर्डर.एक्सएसडी’ला ती वापरता येते असं नाही. ‘ऑर्डर’मध्ये तिचा स्वतंत्र ‘इम्पोर्ट’ हवाच. नसेल तर ‘एसआरसी-रिझॉल्व्ह.४.२’ हा एरर येतो. त्याचा मजकूर लांबलचक असला तरी प्रामाणिक आहे: अमुक घटक अमुक नेमस्पेसमध्ये सापडला, पण या स्कीमा फाइलमधून त्या नेमस्पेसकडे बोट दाखवता येत नाही, ‘इम्पोर्ट’ घाला. हा एरर शेवटपर्यंत वाचला तर वेगळं काही शोधावं लागत नाही. नुसता ‘कॅनॉट रिझॉल्व्ह द नेम’ आला, तर मात्र आधी प्रीफिक्स आणि फाइलचा पत्ता तपासायचा.

‘इन्क्लूड’ फक्त एकाच नेमस्पेसच्या फायली जोडायला. त्यातली एक पळवाट म्हणजे टार्गेट नेमस्पेस नसलेली फाइल. जी फाइल तिला ‘इन्क्लूड’ करते तिची नेमस्पेस ती अंगावर घेते. सरड्यासारखी रंग बदलते म्हणून तिला ‘कमिलियन’ म्हणतात. सोयीची वाटते, पण अशी ‘पत्ता.एक्सएसडी’ ऑर्डर आणि ग्राहक या दोन वेगळ्या नेमस्पेसमधून ‘इन्क्लूड’ झाली की जनरेटर पत्त्याचे दोन क्लास काढतो, दोन पॅकेजांत, आणि एकाची वस्तू दुसऱ्याला चालत नाही. जनरेटर यात काहीही चुकीचं करत नाही. सामायिक टाइपना स्वतःची नेमस्पेस द्यावी आणि ‘इम्पोर्ट’ करावं.

पॅकेजांचा विषय निघालाच आहे तर ‘-पी’ या पर्यायाबद्दल. तो ‘नेमस्पेस=पॅकेज’ अशा जोडीनं, प्रत्येक नेमस्पेससाठी वेगळा द्यायचा असतो. नेमस्पेस न लिहिता एकच पॅकेज दिलं की सगळ्या फायलींचे क्लास त्यात ओतले जातात. मग दोन नेमस्पेसमध्ये ‘ॲड्रेस’ नावाचा टाइप असला की नावं भिडतात आणि ऑब्जेक्ट फॅक्टरीत (या क्लासच्या वस्तू बनवणाऱ्या क्लासमध्ये) टक्कर झाल्याचा संदेश येतो. ‘ऑटोनेमरिझोल्यूशन’ हा पर्याय टक्कर टाळतो, पण साधनानं स्वतःच्या मनानं दिलेली क्लासची नावं पुढे कोडभर वागवत बसावं लागतं. त्यापेक्षा दोन पॅकेजं बरी.

आता जमेची बाजू. ‘स्कीमालोकेशन’मध्ये पूर्ण वेब पत्ता असलेल्या स्कीमा फायली फार आढळतात. बिल्ड मशीनला बाहेरचं नेटवर्क नसलं, किंवा समोरचा सर्व्हर त्या वेळी बंद असला, की बिल्ड पडतो. त्यावर बरेच जण एक्सएसडी उतरवून तिच्यातले पत्ते हातानं बदलतात, आणि समोरून नवी आवृत्ती आली की पुन्हा तोच उद्योग. सीएक्सएफमध्ये याची गरज नाही. ओएसिस एक्सएमएल कॅटलॉगचा आधार त्यात पक्का आहे: एका छोट्या फाइलमध्ये ‘सिस्टम’ नोंद करायची, डावीकडे मूळ वेब पत्ता, उजवीकडे स्थानिक फाइल. मिळालेल्या फायली अक्षरही न बदलता जशाच्या तशा रिपॉझिटरीत राहतात. जनरेटरला ही फाइल ‘कॅटलॉग’ पर्यायानं द्यायची. चालत्या सेवेसाठी तीच ‘मेटा-आयएनएफ’ फोल्डरमध्ये ‘जॅक्स-डब्ल्यूएस-कॅटलॉग.एक्सएमएल’ नावानं ठेवली की आपोआप उचलली जाते.

कॅटलॉगमध्ये दोन गोष्टींवर लक्ष ठेवायचं. ‘सिस्टम’ची जुळणी अक्षरशः होते, एचटीटीपी आणि एचटीटीपीएसमधल्या एका ‘एस’चा फरक असला तरी नोंद लागू पडत नाही, आणि साधन तक्रार न करता थेट नेटवर्कवर जातं. एकाच सर्व्हरवरच्या पंधरा-वीस फायली असतील, तर ‘रीराइट सिस्टम’ची एकच नोंद पुरते, ती पत्त्याचा सुरुवातीचा भाग बदलते. उजवीकडचा स्थानिक पत्ता कॅटलॉग फाइल जिथे आहे तिथून मोजला जातो, प्रोजेक्टच्या मुळापासून नाही. नेटवर्क तोडून बिल्ड चालवणं ही कॅटलॉगची सर्वांत खात्रीची चाचणी.

मेव्हन प्लगइनची सर्वांत त्रासदायक खोड अशी की ‘कॉमन.एक्सएसडी’मध्ये नवं फील्ड घातलं, बिल्ड चालवला, हिरवा आला, आणि क्लासमध्ये फील्डच नाही. प्लगइन प्रत्येक डब्ल्यूएसडीएलसाठी ‘टार्गेट’खालच्या ‘सीएक्सएफ-कोडजेन-प्लगइन-मार्कर्स’ फोल्डरमध्ये एक ‘डन’ खूणफाइल ठेवतो आणि पुढच्या वेळी डब्ल्यूएसडीएलची वेळ तिच्याशी ताडून पाहतो. डब्ल्यूएसडीएल जुनीच, म्हणून काम झालेलं आहे असं तो समजतो. तिनं ओढलेल्या एक्सएसडी तो आपणहून मोजत नाही. स्कीमा वेगळा काढायचा उद्देशच मुळी डब्ल्यूएसडीएलला हात न लावता टाइप बदलता यावेत हा. नेमकी तीच वाट इथे दगा देते. उपाय प्लगइनमध्येच आहे: त्या डब्ल्यूएसडीएलच्या नोंदीत ‘डिपेंडन्सीज’ घटक घालून प्रत्येक एक्सएसडीचं नाव लिहायचं. मग त्यांतली एखादी नवी झाली तरी कोड पुन्हा निघतो. दर वेळी ‘क्लीन’ करणं हाही उपाय आहे, पण तो कधी ना कधी कुणीतरी विसरतोच.

कोड निघाल्यावरचा भाग. काही सांगितलं नाही तर सर्व्हिस क्लासमध्ये डब्ल्यूएसडीएलचा पत्ता म्हणून बिल्ड मशीनवरच्या फोल्डरचा पूर्ण मार्ग छापला जातो. त्या कोडचा जार (बांधलेली जावा फाइल) दुसरीकडे नेला की लॉगमध्ये ‘कॅन नॉट इनिशियलाइज द डीफॉल्ट डब्ल्यूएसडीएल’ ही ओळ दिसते. ‘डब्ल्यूएसडीएललोकेशन’मध्ये ‘क्लासपाथ:डब्ल्यूएसडीएल/ऑर्डर.डब्ल्यूएसडीएल’ असं द्यावं. पण त्यापाठोपाठ एक्सएसडीही त्याच रचनेत जारमध्ये जायला हव्यात. रिसोर्सेस फोल्डरच्या बाहेर दोन पायऱ्या वर ठेवलेली सामायिक एक्सएसडी जनरेटरला बिल्डच्या वेळी सापडते, जारमध्ये मात्र नसते. बिल्ड हिरवा आणि सेवा आडवी, हा प्रकार बहुतेक यातूनच होतो.

सेवा प्रसिद्ध करताना सीएक्सएफ ‘?डब्ल्यूएसडीएल’च्या उत्तरात प्रत्येक ‘स्कीमालोकेशन’ बदलून ‘?एक्सएसडी=स्कीमा/ऑर्डर.एक्सएसडी’ असा पत्ता लिहितं. आतल्या फायलींचंही तसंच. काम सुबक आहे, पण पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या आत पोचवणारा मधला सर्व्हर) असली तर त्या पत्त्यांत आतल्या सर्व्हरचं नाव जातं. ग्राहकाला डब्ल्यूएसडीएल मिळते, एक्सएसडी मिळत नाही. एंडपॉइंटवर ‘पब्लिश्डएंडपॉइंटयूआरएल’ द्यायचा, की पत्ते बाहेरच्या नावानं निघतात. गेटवेवर फक्त ‘?डब्ल्यूएसडीएल’ला परवानगी असेल तर ‘?एक्सएसडी’लाही द्यावी लागते. आणि स्कीमाच्या पत्त्यात ‘../’ असेल, तर तो क्वेरीत तसाच उतरतो आणि सुरक्षा फिल्टर त्याला हल्ला समजून अडवू शकतं. सगळ्या एक्सएसडी डब्ल्यूएसडीएलच्या खालच्या फोल्डरमध्ये ठेवल्या तर हा प्रश्न उद्भवत नाही.

इतर साधनांशी तुलना थोडक्यात. जेडीके ८ (जावाचा विकास संच) मधला ‘डब्ल्यूएसइम्पोर्ट’ साध्या कामाला ठीक, पण स्थानिक एक्सएसडी वाचतानाच ‘फाइल’ प्रकाराला परवानगी नाही म्हणून अडतो. ‘ॲक्सेसएक्स्टर्नलस्कीमा’ हा गुणधर्म ‘ऑल’ केल्यावर चालतो, आणि जेडीके ११ पासून ‘डब्ल्यूएसइम्पोर्ट’ जेडीकेत उरलाच नाही. डॉटनेटचा ‘एसव्हीसीयूटिल’ स्थानिक डब्ल्यूएसडीएल दिली तर तिच्या ‘स्कीमालोकेशन’मागे जात नाही, सगळ्या एक्सएसडींची नावं कमांडवर स्वतः द्यावी लागतात. मात्र डॉटनेटच्याच डब्ल्यूसीएफ या सेवा चौकटीनं डॉटनेट ४.५ पासून ‘?सिंगलडब्ल्यूएसडीएल’ हा पत्ता दिला, त्यात सगळा स्कीमा एकाच फाइलमध्ये मिळतो. तुकड्यांशी न जमणाऱ्या जुन्या ग्राहकांसाठी ती सोय मोलाची आहे; सीएक्सएफ तुकडे तुकड्यांतच देतं. दुसऱ्याच्या सेवेच्या सगळ्या फायली एका दमात उतरवायच्या असतील तर सोपयूआय या चाचणी साधनाचं ‘एक्स्पोर्ट डेफिनिशन’ वापरावं, पत्तेही ते स्थानिक करून देतं.

उरला सामायिक टाइपचा जार. पाच सेवा एकच ‘कॉमन.एक्सएसडी’ वापरत असतील, तर तिचे क्लास पाचदा काढण्यात अर्थ नाही. जॅक्सबी या एक्सएमएल आणि जावा क्लास जोडणाऱ्या व्यवस्थेच्या ‘एक्सजेसी’नं ते एकदा काढायचे, सोबत एपिसोड फाइल (कुठल्या टाइपचा क्लास आधीच कुठे आहे याची नोंद) बनवायची, आणि प्रत्येक सेवेच्या जनरेशनला ती ‘-बी’नं द्यायची. फक्त त्या एपिसोडमधली प्रत्येक नेमस्पेस त्या सेवेच्या स्कीमात खरोखर आलेली हवी, नाहीतर ‘एससीडी’ (स्कीमातल्या घटकाकडे बोट दाखवणारी खूण) कुठल्याच घटकाशी जुळत नाही असा एरर येऊन काम थांबू शकतं. म्हणून एका मोठ्या एपिसोडऐवजी दर नेमस्पेसला एक लहान एपिसोड काढावा. एवढ्या खटाटोपाची तयारी नसेल तर सीएक्सएफचा ‘एनएक्सक्लूड’ पर्याय आहे: नेमस्पेस आणि तिचं आधीच तयार असलेलं पॅकेज सांगायचं, तो ते क्लास पुन्हा काढत नाही. जारमधले क्लास आणि समोरची एक्सएसडी एकाच आवृत्तीच्या आहेत का, हे तो तपासत नाही. ते आपणच पाहायचं.