साताऱ्यात हाताशी एकच दिवस: किकली, अपशिंगे, वडूज की प्रतापगड?

पाहुणे आले की साताऱ्याच्या माणसाला दोन प्रश्न ठरलेले. कंदी पेढे कुठून घ्यायचे आणि कास बरं की ठोसेघर. अलीकडे तिसराही कानावर येतो: "गर्दी नको, धबधबे झाले बघून. लढाईबिढाईचं, जुनं काहीतरी दाखवा." यावर बहुतेक जण प्रतापगडाकडे बोट दाखवून मोकळे होतात. मीही बरीच वर्षं तेच करायचो.

पण हा जिल्हा पिढ्यान् पिढ्या पलटणीत माणसं धाडणारा. लढून मेलेल्यांच्या खुणा इथं गावोगाव आहेत आणि त्या एका जातीच्या नाहीत. कुठं सातशे-आठशे वर्षांपूर्वीचे कोरीव दगड आहेत, कुठं महायुद्धाच्या आठवणीचा स्तंभ, कुठं बेचाळीसच्या गोळीबाराचं स्मारक. एका दिवसात सगळं होत नाही. करायला गेलात तर दिवसभर गाडीतून पाट्या मोजाल. म्हणून काय धरायचं नि काय सोडायचं, ते माझ्या पद्धतीनं सांगतो.

आधी प्रतापगडाचं उरकतो, कारण त्याच्याबद्दल सांगावं लागत नाही. १० नोव्हेंबर १६५९, अफझलखान, जावळीचं रान, हे शाळेपासून तोंडपाठ असतं. महाबळेश्वरहून वीस-पंचवीस किलोमीटर घाट उतरून गेलं की गाडी गडाच्या बरीच जवळ जाते. वर भवानीमातेचं मंदिर आहे आणि शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. त्याचं अनावरण ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात हा गडही आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गर्दी धरूनच चाला. खानाची कबर पायथ्याला आहे, पण तिथं जाता येत नाही. त्या आशेनं जाऊ नका.

मुलं लहान असतील, गड चढल्याचा आनंद हवा असेल, तर प्रतापगडच. फक्त एक लक्षात घ्या. तिथलं स्मारक विजयाचं आहे, नेत्याचं आहे. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण आपल्या तोंडी आहे म्हणून जिवा महाला निदान नावानं उरला. त्या दिवशी पायथ्याच्या पार गावच्या रानात दोन्हीकडची जी साधी माणसं पडली, त्यांच्यासाठी गडावर वेगळं काही पाहायला मिळत नाही. साध्या माणसाची खूण पाहायची असेल तर घाट सोडून खाली यावं लागतं.

किकली आणि अपशिंगे

खरी निवड मला या दोन गावांत वाटते. दोन्ही हमरस्त्यापासून फार आत नाहीत, दोन्हीकडे तिकीट नाही, आणि दोन्हीकडे लढाईत गेलेल्या गावकऱ्यांच्याच खुणा आहेत. मधे सहा-सात शतकांचं अंतर आहे, एवढंच.

किकली वाई तालुक्यात, चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याशी. पुण्याहून येताना भुईंजजवळ महामार्ग सोडून आत वळायचं. भैरवनाथाचं जुनं यादवकालीन देऊळ आहे आणि त्याच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढून मेलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, आहेत, एक-दोन नव्हे, रांगेनं. म्हणूनच या गावाला 'वीरगळांचं गाव' म्हणतात.

वीरगळ वाचता आला नाही तर किकलीची फेरी फुकट. दगड बघून पाच मिनिटांत माघारी येणारे मी पाहिलेत. वाचायचं खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत मरण असतं: वीर लढतोय, किंवा आडवा पडलाय. शेजारी गाई कोरलेल्या असतील तर गावची गुरं पळवून नेणाऱ्यांशी झुंजताना तो गेला असं समजायचं. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला असतो, बहुधा पुजारीही असतो. माथ्यावर कलश, आणि बाजूला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहील. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. तिथं जरा थांबा, कारण ती गोष्ट त्या वीराच्या घरात मागं राहिलेल्या बाईची आहे.

यातली चुटपुट लावणारी बाब अशी की वीरगळांवर बहुतेक वेळा अक्षर नसतं. गडी कसा मेला ते कळतं, कुठं पोचला तेही कळतं, फक्त तो कोण ते कळत नाही. ज्यांनी दगड उभा केला त्यांना नाव लिहायची गरजच वाटली नसावी. गावाला माहीत होतं की. पुढं तेच गाव विसरलं. जिल्ह्यातल्याच एका गावात मी "वीरगळ कुठं आहेत?" असं विचारत अर्धा तास हिंडलो होतो. कुणाला पत्ता नाही. शेवटी पारावरच्या एका म्हाताऱ्यांनी विचारलं, "ते देवाचे दगड म्हणताय व्हय?" आणि हातभर अंतरावरचा शेंदूर फासलेला दगड दाखवला. मी त्यालाच टेकून उभा होतो.

आता अपशिंगे. कागदोपत्री या गावाचं नाव 'अपशिंगे मिलिटरी' असं लावतात, सातारा शहरापासून विसेक किलोमीटर, नागठाण्याच्या बाजूला. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. इंग्रज सरकारनं त्यांच्या स्मरणार्थ स्मारक दिलं, नावाला 'मिलिटरी' जोडलं गेलं, आणि तिथून पुढं घरटी एक तरी माणूस फौजेत अशी गावाची ख्याती झाली. ती आजही आहे.

४६ हा आकडा कसा वाचायचा? एका गावातून, चार वर्षांत. त्या काळी मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढत होता. कूत-अल-अमाराचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला आतल्या फौजेनं शरणागती पत्करली. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. दाणागोटा संपत आला तेव्हा घोडे कापले गेले. हिंदी शिपायांनी ते मांस खायला बरेच दिवस नकार दिला आणि उपासमारीनं खंगत गेले. वेढ्यानंतर कैदेत जे झालं ते वेढ्याहून वाईट होतं. ११७ व्या पलटणीला युद्धानंतर 'रॉयल' हा किताब मिळाला.

त्या आघाडीवर मेलेल्यांचं मोठं स्मारक बसऱ्याला आहे, चाळीस हजारांहून अधिक मृतांचं. त्याच्या भिंतींवर इंग्रज शिपायाचं नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचंही आहे, पण साध्या हिंदी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. १९९७ मध्ये ते स्मारकच मूळ जागेवरून हलवून वाळवंटात नेलं गेलं. आपल्याकडेही त्या महायुद्धानंतर कितीतरी गावांत संगमरवरी पाट्या लावल्या गेल्या. मजकूर एकाच साच्याचा, या गावातून इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. सरकारनं आकडा लक्षात ठेवला. किकलीच्या पाथरवटानं निदान मिशा, ढाल, तलवार तरी कोरली होती.

मग दोन्हींपैकी कुठं जायचं? डोळ्यांना काही हवं असेल, फोटो काढायचे असतील, दगडाशी तासभर बसायची तयारी असेल तर किकली. जोडीला चंदन-वंदनची चढाई करता येते, पण मग दिवस तिथंच संपला म्हणून समजा. गुडघे दुखणारे सोबत असतील तर देऊळ पुरे. अपशिंग्यात मात्र पाहण्यासारखं थोडं आणि ऐकण्यासारखं जास्त आहे. स्तंभाशी दहा मिनिटं थांबून गाडी वळवणार असाल तर जाऊच नका. कुणाशी बोलायचा संकोच नसेल, घरात कुणी फौजेत असेल, किंवा मुलांना "सैन्यात जातात म्हणजे नेमकं काय" हे दाखवायचं असेल, तर किकली सोडून अपशिंगे करा. ते जितंजागतं गाव आहे, एवढं भान ठेवा. दारात जाऊन सेल्फी मागायची नाही. आधी रामराम, मग चौकशी.

वडूज कुणासाठी?

वडूज हे खटाव तालुक्याचं ठिकाण. साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव करत पन्नासेक किलोमीटर पूर्वेला, म्हणजे वरच्या दोन्हींपेक्षा लांब आणि उलट्या दिशेला. एप्रिल-मे महिन्यात तिकडं जाण्यात शहाणपण नाही; माणदेशाचं ऊन हा प्रकार पुणेकरांना झेपत नाही. पावसाळ्याच्या शेवटी जा.

९ सप्टेंबर १९४२ ला इथं मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायला मोर्चा निघाला. परशुराम घार्गे आघाडीवर होते. पोलिसांनी गोळीबार केला, नऊ जण गेले. दर ९ सप्टेंबरला वडूजमध्ये त्यांना अभिवादन होतं. पुढं याच जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, ते असल्या गोळीबारांनी दबलेल्या लोकांतून नव्हे, चिडलेल्या लोकांतून.

तसं पाहिलं तर हे रणांगण नव्हे. एका बाजूला बंदुका, दुसऱ्या बाजूला झेंडा. तरी मी ते या यादीत धरतो, कारण इथं हिशेब पुरा आहे: कोण, कुठं, कुठल्या दिवशी, कुणाच्या गोळीनं. किकलीत जे राहून गेलं आणि अपशिंग्याच्या आकड्यात जे लपलं, ते वडूजमध्ये उघड लिहिता आलं, कारण स्मारक उभारणारं सरकार आता आपलं होतं. सजावटीची अपेक्षा मात्र ठेवू नका. राज्यभर १९८० च्या सुमारास जी हुतात्मा स्मारकं बांधली गेली, ती एकाच नमुन्याची. एक पाहिलं की बाकीची ओळखीची वाटतात, आणि पुष्कळ ठिकाणी कुलूपही ओळखीचं असतं.

शिक्षकांना मात्र माझा सल्ला ठाम आहे. आठवी ते दहावीची सहल असेल तर वडूज घ्या. पुस्तकात 'चले जाव' चळवळ दोन परिच्छेदांत संपते; इथं मुलांना कचेरी कुठं नि मोर्चा कुठून आला हे पायांनी मोजता येतं.

शहरातच थांबणार असाल तर

लग्नाला आलाय, दोन तास मोकळे आहेत, गाडी नाही. मग गेंडामाळ. छत्रपती प्रतापसिंहांना १८३९ मध्ये गादीवरून काढल्यावर त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथं झगडून हात हलवत परत आले. मग १८५७ चा उठावाचा बेत, फितुरी, धरपकड. ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर सतरा जणांना मारलं: कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. फाशी गेलेल्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी निसटले ते कायमचे. ही गोष्ट जिल्ह्यातल्या कुठल्याही गडाच्या गोष्टीपेक्षा कमी नाही, तरी साताऱ्यातली निम्मी मंडळी गेंडामाळ म्हणजे एक बसथांबा समजतात. तिथून रिक्षानं टेकडीवरच्या 'चार भिंती' या ठिकाणी जा. सत्तावन्नच्या वीरांची आठवण तिथंही आहे, आणि खाली अख्खं शहर दिसतं.

अजून तासभर असेल तर संगम माहुली, नदीकाठी. तिथं साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं अशी कथा सांगतात. किकलीहून येऊन हे पाहिलं की मनात यायचा तो विचार येतोच: कुत्र्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे.

कराडकडे उतरणार असाल तर वाटेत तासवडे टोलनाक्याजवळ तळबीड लागतं, सरनौबत हंबीरराव मोहित्यांचं गाव. १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत तोफेचा गोळा लागून ते गेले. महाराणी ताराबाई त्यांची लेक. रस्त्यावरच आहे, थांबा. पण मुद्दाम साताऱ्याहून तेवढ्यासाठी जाऊ नका.

मला स्वतःला एकच दिवस दिला तर मी पुण्याकडून येताना किकली ओलांडून सरळ पुढं जाईन. सकाळी अपशिंगे, गावातली माणसं रानात पांगायच्या आत. दुपारी साताऱ्यात जेवण आणि ऊन असेल तर डुलकी. परतीच्या वाटेवर साडेचारच्या सुमाराला किकली. हा क्रम गाडीच्या सोयीचा नाही, उन्हाच्या सोयीचा आहे. हे दगड झिजलेत. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात सपाट दिसतात आणि काहीच कळत नाही. ऊन तिरकं पडलं की खाचांत सावली भरते, आणि मग आधी ढाल दिसते, मग हात, मग एखाद्याचं तोंड.